अनायास मरणाचे अध्यक्ष

मनुष्याने जगावे कसे, याचे विवेचन करणारे ग्रंथ उदंड आहेत. त्याने जावे कसे, याचे चिंतन मात्र यामातो खोऱ्यातील आमच्या मोजे विणणाऱ्या गावाइतक्या तन्मयतेने क्वचितच कुणी केले असेल. या गावात प्रतिष्ठेचे मरण एकच: पोक्कुरी. रात्री चार घास सुखाने खावेत, अंथरुणाला पाठ टेकावी आणि सकाळी उठू नये. औषधांच्या वासाने खोली कोंदू नये, सुनेच्या कपाळाला आठी पडू नये, आपल्याला कुशीवर वळवण्याचे काम कुणाच्या वाट्याला येऊ नये. अनायास मरणाचे हे माहात्म्य आबालवृद्धांना मान्य होते. बालांना अर्थातच घाई नव्हती.

या व्रताचे गावातील आचार्य म्हणजे हिगाकी योशिहारु. उभा जन्म त्यांनी मोज्यांच्या यंत्रांच्या सुया बदलण्यात घालवला. स्वतःचा लहानसा कारखाना होता. सत्तरीच्या सुमारास तो पुतण्याच्या हाती सोपवून ते निवृत्त झाले, आणि ज्या एकाग्रतेने मोज्याच्या टाचेचा वळसा बसवीत, त्याच एकाग्रतेने गावातील वृद्धांच्या अंतकाळाची व्यवस्था पाहू लागले. ‘पोक्कुरी मंडळा’चे अध्यक्षपद त्यांच्याकडे बिनविरोध आले.

वसंतात आणि शरदात, दिवस व रात्र समसमान होण्याच्या पर्वावर, मंडळाची बस डोंगरापलीकडच्या पोक्कुरी-मंदिराला जाई. प्रत्येकाच्या मांडीवर रेशमी रुमालात बांधलेले एक गाठोडे असे. त्यात स्वच्छ धुतलेली, इस्त्री केलेली अंतर्वस्त्रे. मंदिराचे भिक्षू ती अमिदा बुद्धापुढे रचीत, माशाच्या आकाराच्या पोकळ लाकडी वाद्यावर टिपरी वाजवीत मंत्र म्हणत आणि प्रत्येक वस्त्राच्या कमरपट्टीवर तांबडा शिक्का उठवीत. ज्याला अखेरपर्यंत आपले आपण शौचास जाता येते त्याला परावलंबन शिवत नाही, असा त्यामागचा निर्मळ युक्तिवाद. त्यानंतर काकी नावाच्या फळझाडाच्या पानात गुंडाळलेली सुशी आणि थंडगार तोफू यांचे भोजन होई, आणि परतीच्या बसमध्ये एक गंभीर शांतता पसरे. प्रत्येक जण आपापली डबी काढी आणि रक्तदाबाची, रक्त पातळ राखण्याची, साखरेची गोळी चहाच्या घोटाबरोबर गिळी. मरण झटकन यावे म्हणून प्रार्थना आणि ते येऊ नये म्हणून औषध, या दोहोंत काही विसंगती आहे असे कुणाला वाटले नाही. डाव्या आणि उजव्या पायाला एकच मोजा चालतो, या तत्त्वावर ज्यांची हयात गेली, त्यांना ते वाटावे तरी का?

हिगाकी मरणांना श्रेणी देत. स्मशानाच्या पायऱ्यांवरच त्यांचा निकाल जाहीर होई. “संध्याकाळी कलिंगड खाल्लं, सकाळी आटोपलं. ह्याला म्हणतात जाणं!” असे ते एखाद्याविषयी म्हणत, तेव्हा त्या घरच्यांची मान शोकातही ताठ होई. उलट, कामेयोबाईंचे सुतार यजमान सात वर्षे अंथरुणाला खिळून गेले, तेव्हा हिगाकींनी दारातच हळहळ व्यक्त केली: “सहलीला येत नसत ना. मी किती वेळा म्हटलं होतं!” कामेयोबाईंच्या हाती तेव्हा उदबत्ती होती. ती त्यांनी राखेत उभी खोचली. पुढच्याच वर्षी त्या मंडळाच्या सभासद झाल्या, आणि बसमध्ये नेमाने अध्यक्षांच्या मागच्याच आसनावर बसू लागल्या.

मरणाविषयी एवढी सिद्धता असूनही हिगाकी गावाची वार्षिक आरोग्यतपासणी कधी चुकवीत नसत. त्या वर्षी तिथे काढलेला त्यांच्या हृदयाचा आलेख पाहून तपासनीस थबकला, आणि त्यांची रवानगी जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयात हृदयरोगाच्या नुमाजिरी नावाच्या डॉक्टरीणबाईंकडे झाली. सोबत सातोएबाई, म्हणजे हिगाकींच्या पत्नी, होत्या.

“हिगाकी-सान, ही रेघ बघा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “टोकावर चढून ती लगेच खाली यायला हवी. तुमची घसरगुंडीसारखी वाकत वाकत उतरतेय.”

“यंत्राची सुई झिजली असेल. बदलून बघा.”

“यंत्रच बदलून बघितलं. वडील कशानं गेले तुमचे?”

हिगाकींचा चेहरा उजळला. “झोपेत! चाळिशी जेमतेम ओलांडलेली. धाकटे काकाही तसेच. आमच्या घराण्यात ती देणगीच आहे म्हणा ना.”

डॉक्टरीणबाईंचे पेन थांबले. “तुम्हाला स्वतःला कधी शुद्ध हरपल्यासारखं?”

“छे!”

“गेल्या हिवाळ्यात,” सातोएबाई हळूच म्हणाल्या, “ताप होता ह्यांना. झोपेत घशातून कसलासा आवाज काढला, आणि मग कितीही हलवलं तरी उठेनात. मी ओरडले, तोंडावर पाणी मारलं, तेव्हा डोळे उघडले.”

“स्वप्न पडलं होतं मला.”

“तुम्हाला पडलं असेल. मी जागी होते.”

रक्त तपासणीला गेले. काही आठवड्यांनी उत्तर आले, आणि डॉक्टरीणबाईंनी ते एका कागदावर चित्र काढून समजावले. हृदयाच्या प्रत्येक पेशीच्या भिंतीत अतिसूक्ष्म द्वारे असतात. ठोक्याच्या आरंभी सोडियमची द्वारे निमिषमात्र उघडतात, सोडियमचे कण आत धाव घेतात आणि पेशी जागी होते. मग ती द्वारे मिटतात, पोटॅशियम आपल्या वाटेने बाहेर पडते आणि पेशी विसावते. उघडणे आणि मिटणे, जागणे आणि विसावणे, या अखंड क्रमालाच आपण हृदयाची लय म्हणतो. हे द्वार ज्या प्रथिनाचे घडले आहे त्याचा आराखडा जनुकात लिहिलेला असतो. हिगाकींच्या कुळात त्या प्रदीर्घ लेखातले एकच अक्षर बदललेले होते. त्यामुळे द्वारे थोडी उघडत, आणि जी उघडत तीही वेळेआधी मिटत. दिवसा हे खपून जाई. पण निद्रेत हृदय मंदावले, ताप चढला, किंवा मद्य आणि आकंठ भोजन यांचा योग जुळला, की ती वाकडी लय कोणत्याही क्षणी विस्कटू शकत होती.

“म्हणजे एक सुई चुकीची आणि सगळा मोजा उसवतो,” हिगाकी म्हणाले.

“तसंच काहीसं. मग हृदय ठोका देत नाही, नुसतं थरथरतं. काही क्षणांत माणूस बेशुद्ध होतो.”

“दुखतं?”

“बहुतेकांना कळतही नाही.”

“झोपेत होतं?”

“बहुधा झोपेतच.”

“म्हणजे… पोक्कुरी?”

डॉक्टरीणबाईंनी चित्रावरून नजर उचलली. “माझी आजी हाच शब्द वापरायची. हो, तेच.”

ज्या देवाच्या दारात हिगाकी इतकी वर्षे सपरिवार, सगाठोडे धरणे धरून बसले होते, त्या देवाने दार उघडून “या, आपलीच वाट पाहत होतो” असे म्हटले होते. भक्ताचे कर्तव्य एकच उरले होते: कृतकृत्य होणे. हिगाकींनी तसा प्रामाणिक प्रयत्न केला. पण त्यांच्या तोंडून शब्द निघाले ते असे:

“ह्यावर उपाय काय?”

उपाय होता. गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत, एक चपटी पेटी बसवायची. हृदय थरथरू लागले की ती विजेचा झटका देऊन त्याला पुन्हा लयीवर आणते. गोळीही होती, पण हिगाकींसारख्याला पेटीच अधिक भरवशाची, असे डॉक्टरीणबाईंचे मत पडले.

“विचार करून सांगतो,” हिगाकी म्हणाले. “मंडळाचाही प्रश्न आहे.”

“कसलं मंडळ?”

“काही नाही हो, डॉक्टर,” सातोएबाई घाईघाईने म्हणाल्या.

सातोएबाईंनी ही गोष्ट फक्त आपल्या बहिणीला सांगितली. पण बहिणीचे तोफूचे दुकान होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हिगाकींच्या दारात लाल भाताचे डबे येऊ लागले. बारसे, लग्न, परीक्षेतील यश अशा मंगलप्रसंगी शिजतो तो, तांबड्या चवळीचा. मंडळाचे उपाध्यक्ष ओकुनो, निवृत्त मुख्याध्यापक, कोट घालून आले.

“अध्यक्ष, अभिनंदन! आम्ही इतकी वर्षं बसभाडं भरतोय, आणि तुम्हाला वडिलोपार्जित!”

“अहो, कसलं अभिनंदन…”

“हा विनय! बायको म्हणाली, त्यांचा हात तरी लावून घेऊन ये.” असे म्हणून त्यांनी खरोखरच हिगाकींची बाही कुरवाळली. “मला एक सांगा, नक्की कधी, ते नाही ना कळत?”

“नाही.”

“तेच तर वैभव!”

मंदिरातून भिक्षूंचा दूरध्वनी आला. इतक्या वर्षांत प्रार्थनेच्या फलश्रुतीला विज्ञानाची साक्ष प्रथमच मिळत होती. शरदाच्या पर्वाला अध्यक्षांनी चार शब्द बोलावेत. रुग्णालयातला तो आलेख आणता आला तर चौकटीत बसवून बुद्धापुढे ठेवता येईल. हिगाकी ‘हो’ म्हणाले. अध्यक्षाला ‘नाही’ म्हणण्याची सवय कुठून असणार?

त्यानंतरचे दिवस मोठे चमत्कारिक गेले. लोक ज्याला भाग्यवंत म्हणत तो मनुष्य निजायचे टाळू लागला. तांदळाच्या मद्याची, साकेची बाटली त्यांनी शेजाऱ्याला देऊन टाकली. जेवण अर्ध्यावर आणले. काखेत तापमापक धरून ते वर्तमानपत्र वाचीत. रात्री अंथरुणावर आडवे होण्याऐवजी भिंतीला पाठ लावून बसत, आणि दिवसा मंडळाच्या बैठकीत त्यांचा डोळा लागे. तेव्हा सभासद एकमेकांना खुणावीत: “बघा, किती शांत! तयारी झालेल्या माणसाचं लक्षण आहे हे.” हिगाकींना दोन गोष्टी हव्या होत्या: जीव आणि अध्यक्षपद. एक राखली तर दुसरी जाणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होते. आणि लज्जेची गोष्ट अशी, की दोन्हींचे वजन त्यांच्या मनात कित्येक दिवस सारखेच भरत होते.

एका सकाळी मिसोचे सूप वाढता वाढता सातोएबाईंनी पळी खाली ठेवली.

“तुम्ही गावभर सांगता, आपल्या जाण्यानं कुणाला त्रास नको. मला एक सांगा. सकाळी तुमच्या अंगाला पहिला हात कोण लावणार होतं?”

हिगाकींनी सुपाची वाटी पुढे ओढली.

“सासूबाईंनी मला एकदाच सांगितलं होतं. मामंजी उठेनात, कामाला उशीर होत होता. त्या रागावल्या, पांघरूण ओढलं आणि म्हणाल्या, किती लोळायचं माणसानं! ते वाक्य त्यांना मरेपर्यंत विसरता आलं नाही. पोक्कुरी जाणाऱ्याला असतं हो. शेजारच्या गादीवरच्याला नसतं.”

“तू कधी बोलली नाहीस.”

“तुम्ही भाषण करत होता.” सातोएबाईंनी पळी पुन्हा उचलली. “महिनाभर तुमच्या छातीवर हात ठेवून झोपतेय मी. झोपतेय कुठली!”

“पण मंडळ काय म्हणेल?”

“मंडळ तुमच्या शेजारी झोपत नाही.”

पेटी बसवायचे ठरले. मात्र हिगाकींनी मंडळाला कळवले की प्रकृतीला आराम पडावा म्हणून आपण किईच्या किनाऱ्यावर गरम पाण्याच्या झऱ्यांना जात आहोत. ओकुनो निरोप द्यायला आले आणि पाण्यात फार वेळ बसा, असे डोळे मिचकावून सांगून गेले.

रुग्णालयात परिचारिकेने हिगाकींची पिशवी उघडली आणि कपडे कपाटात रचता रचता ती थांबली. हिगाकींपाशी शिक्क्यावाचून एकही अंतर्वस्त्र उरलेले नव्हते. निष्ठावंताची हीच तर अडचण असते.

“आजोबा, हा कसला हो तांबडा शिक्का?”

“धोब्याचा.”

“असं? आमच्या मावशीकडेही तोच धोबी येतो वाटतं. तुमच्याच गावची आहे ती. कामेयो मावशी.”

हिगाकींच्या हृदयाची लय त्या क्षणी बिघडली नाही, ही वैद्यकशास्त्राने नोंदवावी अशी गोष्ट आहे. “पोरी, मावशीला काही बोलू नकोस.”

“आम्ही रुग्णांबद्दल कुणाशीच बोलत नाही, आजोबा,” ती म्हणाली, आणि ते अक्षरशः खरे होते. पण ज्याने स्वतः झऱ्यांची थाप मारली होती, त्याला दुसऱ्याचा शब्द खरा कसा वाटावा?

शरदाचे पर्व आले. बसमध्ये कामेयोबाई नेहमीप्रमाणे मागच्या आसनावर होत्या. “अध्यक्ष, तेज आलंय चेहऱ्यावर,” त्या म्हणाल्या. “झरा मानवला तुम्हाला.” थोड्या वेळाने: “खांदा आखडलाय का? डावा हात सांभाळून धरलाय म्हणून विचारलं.” प्रत्येक वाक्य हिगाकींच्या मानेत सुईसारखे रुतत होते. मंदिरात शिक्के उठले, मंत्र झाले. चौकटीतला आलेख धूपाच्या धुरात बुद्धापुढे विराजमान होता. भिक्षूंनी गौरवाने सांगितले की जे पुण्य इतरांना वस्त्रावर वागवावे लागते, ते या सत्पुरुषाच्या पेशीपेशीत लिहिलेले आहे. हिगाकी बोलायला उभे राहिले. समोर पहिल्याच रांगेत कामेयोबाई, हात मांडीवर, मंद स्मित करीत.

हिगाकींना ते स्मित सोसवेना. “मित्रहो,” ते म्हणाले, “कामेयो-सानना सगळं ठाऊकच आहे, तेव्हा आता लपवण्यात अर्थ नाही. मी झऱ्याला गेलोच नव्हतो. मी छातीत पेटी बसवून घेतली. मला… मला इतक्यात जायचं नाहीये.”

सभागृहात टाचणी पडली असती तर दचकायला झाले असते. कामेयोबाई चकित होऊन इकडेतिकडे पाहू लागल्या.

“अगंबाई! मला कुठं काय ठाऊक आहे?”

मग जो कोलाहल झाला त्याचे वर्णन करणे या वयात आम्हांला झेपणार नाही. ओकुनोंचा आवाज सर्वांच्या वर होता. “आम्ही लाल भात केला! बायकोनं रात्रभर चवळी भिजत घातली होती! अध्यक्षच जर मरायला तयार नसेल तर सभासदांनी कुणाकडे बघायचं?” कुणी “राजीनामा” म्हणाले, कुणी “आधी तो आलेख खाली उतरवा” म्हणाले. भिक्षूंनी लाकडी माशावर टिपरी आपटून शांतता केली, आणि त्या शांततेत कामेयोबाई उभ्या राहिल्या.

“हिगाकी-सान, आमच्या ह्यांना नेलं त्या दिवशी दारात काय म्हणाला होतात, आठवतं?”

“आठवतं,” हिगाकी म्हणाले.

“सात वर्षं मी त्या माणसाला ह्या कुशीवरून त्या कुशीवर केलं. त्रास झाला. पुष्कळ झाला, खोटं कशाला बोलू? पाठ अजून दुखते माझी. पण वळवताना दर खेपेला तो विचारायचा, आज काय शिजवलंस गं? तो गेल्यावर मी आठवडाभर चूल पेटवली नाही. कुणी विचारणारंच उरलं नव्हतं.” त्यांनी हिगाकींकडे बोट केले. “तुम्ही त्या माणसाला नापास केलंत.”

हिगाकी चटईवर गुडघे टेकून बसले, दोन्ही तळहात पुढे ठेवले आणि कपाळ चटईला लावले. डावा खांदा ताणला गेला. तरी ते लवकर वर उठले नाहीत.

“बरं, पुरे,” कामेयोबाई म्हणाल्या. “टाके उसवतील. आता मला एवढं सांगा, त्या पेटीनं तुम्हाला अडवून धरलं आणि उद्या तुम्हीच लोळत पडलात, तर वळवणार कोण?”

“मी,” मागच्या रांगेतून सातोएबाई म्हणाल्या. त्यांना व्याख्यानाची सवय नव्हती, म्हणून एवढेच म्हणून त्या खाली बसल्या.

धर्माला मार्ग नेहमीच सापडतो. भिक्षूंनी घसा साफ करून स्पष्ट केले की पोक्कुरी म्हणजे घाई असा अर्थ कोणत्याही सूत्रात नाही. काळ येईल तेव्हा झटकन, तोवर सावकाश, हाच खरा मध्यम मार्ग. आणि वसंताच्या पर्वापासून छातीतल्या पेट्यांसाठीही मंदिरात स्वतंत्र मंत्रपाठ ठेवण्यात येईल. हे ऐकून एका कोपऱ्यातून एका वृद्ध सभासदाने, ठोके चालवणाऱ्या पेट्याही त्यात धरल्या जातील का, अशी शंका विचारली, आणि सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्यावर तो आपल्या मोज्यांकडे पाहू लागला. ओकुनोंनी तत्परतेने नव्या अध्यक्षाची निवड पुकारली आणि कोटाची गुंडी लावून तयार राहिले. सभासदांनी कामेयोबाईंना निवडले. सावकाश मरणाची तिला माहिती आहे, झटकन मरणाची तर कुणालाच नसते, असे एकीने कारण दिले.

परतीच्या बसमध्ये पुढचे आसन कामेयोबाईंचे झाले. हिगाकी पहिल्यांदाच अगदी मागच्या बाकावर, सातोएबाईंच्या शेजारी बसले. पद गेलेल्या मनुष्याला शोभेल असा चेहरा करण्याचा त्यांनी थोडा वेळ प्रयत्न केला. पण डोंगराचे पहिले वळण ओलांडण्याआधीच त्यांचे डोळे मिटले. नव्या अध्यक्षा हाती ध्वनिक्षेपक घेऊन आभाराचे भाषण करायला उभ्या राहिल्या, तोच मागून एक दणदणीत घोरणे उठले. मग ते मध्येच थांबले. बसभर सगळ्यांचे श्वास अडकले. ओकुनोंनी हातातली गोळी तशीच धरून मागे पाहिले. घोरणे पुन्हा, पहिल्याहून मोठ्याने, सुरू झाले.

“इतका गोंगाट करून कुणी जातं का?” कामेयोबाई म्हणाल्या. “झोपू द्या. महिन्याची झोप बाकी आहे त्यांची.” आणि भाषण रद्द करून त्यांनी चालकाला वळणे जरा जपून घ्यायला सांगितले.

हिगाकींची मान कलंडली. सातोएबाईंनी ती आपल्या खांद्यावर घेतली. गाव येईपर्यंत खांद्याला रग लागणार होती. त्यांनी तो हलवला नाही.